साहेबांशी बोलणे झाले आहे, पण कागद कुठे आहे?

‘साहेबांशी बोलणे झाले आहे. प्रकरण मिटले.’ आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य वारंवार कानी पडते. बेकरीवाल्यापासून यंत्रमागवाल्यापर्यंत, मच्छीच्या व्यापाऱ्यापासून आखातातून परतून गावी घर बांधणाऱ्यापर्यंत अनेकांनी ते कधी ना कधी उच्चारलेले असते. घरपट्टीचे बिल जास्त आले, दुकानाला जीएसटीची नोटीस आली, आयकर खात्याचे पत्र आले की आपण आधी कोणाची ओळख आहे ते शोधतो. ओळखीचा माणूस साहेबांकडे घेऊन जातो, चहा होतो, आकडा खाली येतो आणि आपण निर्धास्त होऊन घरी परततो.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा नोटीस येते. साहेब बदलून गेलेले असतात, ओळखीचा माणूस फोन उचलत नाही. मग प्रश्न पडतो की जे ठरले होते ते सरकारवर बंधनकारक नाही का? आणि आपल्यावर तरी आहे का? या प्रश्नाचा विचार घरात शांतपणे झाला पाहिजे, म्हणून हा लेख. आम्ही वकील नाही, शिक्षक आहोत. पण मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येते म्हणून शाळेत मुलांचे पालक नोटिसा वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. त्या वाचता वाचता कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे निकाल वाचण्याची सवय लागली. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. अधिकाऱ्याशी झालेली तोंडी तडजोड सरकारला बांधत नाही. कायद्याने ज्याला तडजोडीचा अधिकार दिला आहे, त्याने कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने लेखी केलेली तडजोडच टिकते. याची कारणे नीट कळली तर पुढची सावधगिरी आपोआप येईल.

अधिकारी म्हणजे सरकार नव्हे

भारतीय राज्यघटनेचे २६५ वे कलम एका ओळीचे आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे ते सांगते. हे कलम वाचताना आपल्याला नागरिकाचे संरक्षण दिसते आणि ते आहेच. पण त्याला दुसरी बाजूही आहे. कर जर कायद्याने बसतो, तर तो कमी होतो तोही कायद्यानेच. अधिकारी कर बसवणारा मालक नाही, कायद्याने ठरलेला कर मोजून घेणारा नोकर आहे. दुकानातला नोकर मालकाला न विचारता गिऱ्हाईकाची उधारी माफ करू शकत नाही, तसेच हे.

घटनेचे २९९ वे कलमही माहीत असावे. सरकारच्या वतीने होणारा करार राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावाने, त्यासाठी अधिकार दिलेल्या व्यक्तीने आणि ठरलेल्या पद्धतीने केलेला असला पाहिजे, असे ते म्हणते. या अटी पाळल्या नाहीत तर कराराच्या नात्याने सरकारला धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केले. मग केबिनमध्ये खुर्चीला खुर्ची लावून झालेल्या बोलण्याला कराराचा दर्जा कुठून येणार?

म्हणून साहेबांचा शब्द खरा की खोटा, हा प्रश्न दुय्यम आहे. साहेब अगदी प्रामाणिक असतील आणि मनापासून बोलले असतील, तरी त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर फाईल असते, मागच्या साहेबांचे मन नसते. त्यानंतर लेखापरीक्षक येतो. कर कमी का घेतला, याला फाईलमध्ये उत्तर नसेल तर तो शेरा मारतो आणि त्या शेऱ्यावरून नोटीस निघते.

साडेतीन लाखांची तडजोड

या विषयावर स्वातंत्र्यानंतरचा एक गाजलेला खटला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळ्या बाजारातून झालेली कमाई शोधण्यासाठी १९४७ मध्ये आयकर चौकशी आयोगाचा कायदा झाला. बशेशर नाथ या करदात्याचे प्रकरण या आयोगाकडे गेले. उत्पन्न लपवल्याचा अहवाल आला. त्यांनी १९५४ मध्ये त्याच कायद्याच्या कलमाखाली तडजोडीचा अर्ज केला. कर आणि दंड मिळून सुमारे साडेतीन लाख रुपये हप्त्यांनी भरायचे ठरले. केंद्र सरकारने मंजुरी दिली आणि हप्ते सुरू झाले.

दरम्यान या चौकशी कायद्यातली निवडीची तरतूद समानतेच्या विरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरवले. एकाच प्रकारच्या दोन करबुडव्यांपैकी एकाला साधा कायदा आणि दुसऱ्याला कडक कायदा लावणे घटनेच्या १४ व्या कलमात बसत नव्हते. बशेशर नाथ यांनी विचारले की मग माझी तडजोड कशी टिकते? खात्याचे म्हणणे असे की तुम्ही स्वखुशीने सही केली आहे, आता हक्क सांगता येणार नाही. १९ नोव्हेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तडजोड रद्द केली. समानतेचा मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाही, असे बहुमत पडले.

या निकालातून आपण काय घ्यायचे? ती तडजोड लेखी होती, कायद्याच्या कलमाखाली होती, केंद्र सरकारची मंजुरी तिला होती. तरीही तिचा पायाच सदोष निघाला तेव्हा ती टिकली नाही. जिथे कायद्याचा पायाच नाही, नुसते तोंडी बोलणे आहे, तिथे काय टिकणार? मात्र हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. कायद्याने देणे नसलेला कर आपण घाबरून कबूल केला, तरी केवळ त्या कबुलीने तो कायदेशीर होत नाही.

सरकारला शब्द पाळावा लागला तेव्हा

आता कोणी म्हणेल की सरकारचा शब्द म्हणजे कायमच वाऱ्यावरची वरात का? तसे नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९६८ मध्ये नव्या कारखान्यांना तीन वर्षे विक्रीकर माफ करण्याचे धोरण जाहीर केले. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीला कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना काढायचा होता. तिने वर्तमानपत्रातल्या बातमीवर विसंबून न राहता सरकारला पत्र लिहून खात्री करून घेतली. जानेवारी १९६९ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांकडून करमाफीचे लेखी आश्वासन आले. त्या भरवशावर कंपनीने कर्ज काढले, कारखाना उभारला. नंतर सरकारने आधी सवलत कमी केली आणि १९७० मध्ये पूर्ण मागे घेतली.

डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या स्पष्ट आश्वासनावर विसंबून कोणी आपली परिस्थिती बदलली असेल, तर सरकारला शब्द फिरवता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. पण हा निकाल वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. आश्वासन लेखी आणि सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडून होते. आणि विक्रीकर कायद्यात अशी माफी देण्याचा अधिकार सरकारला मुळात होता. पुढे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की कायद्याच्या विरुद्ध वागण्याची सक्ती या तत्त्वाखाली सरकारवर करता येणार नाही. म्हणजे ज्याला माफीचा अधिकारच नाही त्याने दिलेला माफीचा शब्द न्यायालयातही वाचवता येत नाही.

आयकराच्या केंद्रीय मंडळाने काढलेली परिपत्रकेही याच कारणाने महत्त्वाची ठरतात. करदात्याच्या सोयीची परिपत्रके खात्याच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतात, कारण ती काढण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिला आहे. साहेबांच्या तोंडी शब्दापेक्षा छापील परिपत्रकाच्या एका पानाचे वजन जास्त असते.

पुण्याची चाळीस टक्के सवलत

ही उदाहरणे फार लांबची वाटत असतील तर आपल्या पुण्याचे पाहू. पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव केला की घरमालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करयोग्य भाड्यात ४० टक्के सवलत द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या लोक कमी दराने घरपट्टी भरत राहिले. नंतर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की अशी सवलत कायद्यात बसत नाही. राज्य सरकारने ठराव रद्द केला आणि २०१९ मध्ये सवलत थांबली. फरकाची रक्कम भरा, अशी बिले लोकांच्या हाती पडू लागली. मोठा गदारोळ झाला. शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेऊन सवलत पुन्हा लागू केली.

इथे तर तोंडी बोलणे नव्हते, महापालिकेच्या सभागृहाचा ठराव होता आणि जवळपास पन्नास वर्षांचा रिवाज होता. तरी कायद्याचे बळ कमी पडले तेव्हा तो डळमळला आणि सावरला तो सरकारच्या निर्णयानेच. मुंबईतही पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ होणार, ही घोषणा आधी झाली. २०१९ मध्ये प्रत्यक्षात माफ झाला तो त्या बिलातला सर्वसाधारण कर. बाकीचे कर बिलात उभेच राहिले. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून मिळाली. मधल्या काळात ‘माफ झाले आहे’ असे समजून ज्यांनी बिल बाजूला टाकले त्यांची थकबाकी झाली. घोषणा ऐकून आनंद जरूर मानावा, पण हातातले बिल आधी वाचावे.

एका घरातली डायरी

आमच्या शाळेत मुले शिकत असलेल्या एका विधवा भगिनी मागे एक पिशवी घेऊन आल्या. घराखाली छोटे दुकान. घरपट्टीत दुकानाचा व्यापारी दर लागला होता आणि थकबाकी साठली होती. त्या म्हणाल्या, ‘सर, मुलांच्या अब्बांनी हे मिटवले होते. डायरीत लिहिले आहे.’ डायरीत खरेच एका पानावर तारीख होती, एक रक्कम होती आणि पुढे लिहिले होते, ‘साहेबांना दिले, विषय संपला.’ पावती नव्हती. दिले ते करात जमा झाले की कोणाच्या खिशात गेले, हे सांगणारा माणूस हयात नव्हता.

पिशवीत तळाशी मात्र जुन्या दोन बिलांच्या पावत्या सापडल्या. त्या दोन रकमा कार्यालयाने थकबाकीतून वजा केल्या. डायरीतली रक्कम वजा झाली नाही आणि होणारही नव्हती. पुढे शास्तीत सवलत देणारी योजना आली तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि शास्तीचा मोठा भाग सुटला. मूळ कर मात्र दागिना मोडून भरावा लागला. मरहूमांची नियत साफ होती, त्यांनी घराला ओझ्यातून सोडवण्यासाठीच पैसे दिले होते. पण कागद नसल्यामुळे ते ओझे दुप्पट होऊन पत्नीच्या डोक्यावर आले.

दुप्पट हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत घरपट्टी मुदतीत भरली नाही तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. साठ हजारांची थकबाकी ‘मिटली आहे’ या समजुतीत पाच वर्षे पडून राहिली, तर महिन्याला १,२०० रुपयांप्रमाणे ६० महिन्यांचे ७२ हजार होतात. देणे १ लाख ३२ हजारांवर जाते.

‘कटकट नको’ म्हणून दिलेली कबुली

व्यापाऱ्यांच्या बाबतीत दुसराच प्रकार दिसतो. दुकानाची तपासणी होते. अधिकारी म्हणतात, इतके उत्पन्न जास्तीचे दाखवा, मग दंड लावणार नाही. आपणही ‘कटकट नको’ म्हणून लिहून देतो. मॅक डेटा या कंपनीने असेच केले. वाद टाळण्यासाठी आणि शांतता लाभावी म्हणून ४० लाख ७४ हजार रुपयांचे उत्पन्न आम्ही जाहीर करतो, दंड लावू नये, असे तिने लिहून दिले. कर तर बसलाच, शिवाय साडेचौदा लाखांहून अधिक दंडही बसला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्वेच्छेने जाहीर केले, शांतता हवी होती, अशा सबबी कायदा ओळखत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ‘दंड लावू नये’ ही अट आपण पत्रात घातली म्हणून ती अधिकाऱ्याला बांधत नाही.

पण घाबरून दिलेली कबुली हाच शेवटचा शब्द, असेही नाही. कबुली हा महत्त्वाचा पुरावा असला तरी ती चुकीची होती हे दाखवायची मुभा कबुली देणाऱ्याला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. एस. खादर खान सन या पेढीच्या प्रकरणात २०१२ मध्ये असे ठरले की आयकराच्या सर्वेक्षणात घेतलेल्या जबाबाला एकट्याने पुराव्याचे मोल नाही, कारण तिथे शपथ देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नसतो. आयकराच्या केंद्रीय मंडळानेही १० मार्च २००३ रोजी अधिकाऱ्यांना लिहिले की धाड किंवा सर्वेक्षणात कबुली मिळवण्यामागे लागू नका, पुरावा गोळा करा.

जीएसटीतही तेच. तपासणी चालू असताना ‘आत्ताच भरा’ म्हणून जबरदस्तीने वसुली करायची नाही, अशी सूचना केंद्रीय मंडळाने २५ मे २०२२ रोजी काढली. व्यापाऱ्याला स्वखुशीने भरायचे असेल तर डीआरसी-०३ या फॉर्मने ऑनलाइन भरता येते. कर आपल्याला मान्य नसेल आणि तरी भरावे लागले असेल, तर ‘विरोध नोंदवून भरत आहे’ असे लेखी कळवावे. गप्प बसून भरलेले पैसे पुढे स्वखुशीचे समजले जातात.

कायद्याने उघडी ठेवलेली दारे

तडजोड वाईट नसते. सुलह करणे हे भांडत बसण्यापेक्षा बरे, ही आपल्या घरांची शिकवण आहे. फक्त ती योग्य दारातून व्हावी. आणि अशी दारे कायद्यात आहेत.

आयकरासाठी वांछू समितीच्या शिफारशीवरून १९७६ मध्ये समझोता आयोग स्थापन झाला. त्याचा आदेश अंतिम मानला जाई. मात्र फसवणूक किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेला आदेश रद्द होई. १ फेब्रुवारी २०२१ पासून हा आयोग बंद झाला. त्याच वर्षी लहान करदात्यांसाठी विवाद निवारण समितीची तरतूद आली. परतावापत्रात दाखवलेले उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि वादातली वाढ १० लाखांपर्यंत असेल तर या समितीकडे अर्ज करता येतो. दंड कमी किंवा माफ करण्याचा अधिकार कायद्यानेच तिला दिला आहे. तिथे मिळालेली सवलत कोणा साहेबांच्या मेहेरबानीवर उभी नसते.

अधूनमधून सरकार ठराविक मुदतीच्या योजना आणते. आयकरासाठी २०२० मध्ये आणि पुन्हा १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘विवाद से विश्वास’ आली. ठरलेली रक्कम भरली की प्रमाणपत्र मिळते आणि तो वाद पुन्हा उघडता येत नाही. महाराष्ट्राने जीएसटीपूर्वीच्या करांसाठी २०२२ मध्ये तडजोडीचा कायदा केला. त्यात वर्षाची थकबाकी १०,००० रुपये किंवा कमी असेल तर ती पूर्ण माफ झाली आणि १० लाखांपर्यंतची असेल त्यांना २० टक्के भरून मोकळे होता आले. कमी मुद्रांकाच्या जुन्या दस्तांसाठी १ डिसेंबर २०२३ पासून मुद्रांक शुल्क अभय योजना राबवली गेली. या योजनांची मुदत संपते, नव्या येतात. वर्तमानपत्रातले अशा योजनेचे निवेदन दिसले की जमातीच्या फलकावर लावावे. पुष्कळांचे भले होईल.

आधीच विचारण्याची सोयही आहे. आपल्या मालावर जीएसटी किती, याबद्दल शंका असेल तर अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे फी भरून अर्ज करता येतो. मिळालेला निर्णय अर्जदारावर आणि त्याच्या हद्दीतल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. दस्तावर मुद्रांक किती लागेल, हेही मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून अभिनिर्णय करून घेता येते.

मशीद आणि मदरशांच्या विश्वस्तांसाठी

विश्वस्त मंडळींना एक विनंती. महापालिका कायद्यात केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला सर्वसाधारण करातून सूट आहे. ती सूट पाणी, मलनिस्सारण यांसारख्या सगळ्याच करांना लागू नसते आणि भाड्याने दिलेल्या गाळ्यांना तर नाहीच. अनेक ठिकाणी ‘मशिदीची जागा आहे, निरीक्षकांनी सांगितले आहे, कर लागणार नाही’ एवढ्यावर वर्षे जातात. गाळ्यांचे भाडे येत राहते, कर साठत राहतो आणि एक दिवस संस्थेवर जप्तीची नोटीस लागते. कोणता भाग उपासनेचा, कोणता भाड्याचा, हे नकाशासह लिहून अर्ज करावा आणि सुटीचा लेखी आदेश ठरावाच्या वहीत लावावा. पैसा कौमचा आहे, त्याचा हिशेब तोंडी असू नये.

आकडा खाली आणण्यासाठी दिलेले पैसे

यावर स्पष्ट बोलले पाहिजे. पावतीशिवाय दिलेली रक्कम ही तडजोड नाही, लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. राज्यातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. अशी ‘तडजोड’ मोडली तर आपण कोणत्याच न्यायालयात दाद मागू शकत नाही, कारण तिथे पहिला कबुलीजबाब आपल्याच गुन्ह्याचा द्यावा लागेल. रिश्वत देणे-घेणे आपल्या दीनमध्येही हराम आहे, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

घरात पाळायचे नियम

नोटीस आली की आधी तिची तारीख आणि उत्तराची मुदत पाहावी, लिफाफाही जपून ठेवावा. आयकर खात्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. खात्याच्या संकेतस्थळावर तो तपासला की पत्र खरे की बनावट ते कळते.

अधिकाऱ्याला जरूर भेटावे, आदबीने बोलावे. पण परत येताच त्याच दिवशी एक पत्र लिहावे. ‘आज अमुक वाजता आपणाशी चर्चा झाली, आपण अमुक सांगितले, त्याप्रमाणे आदेश मिळावा.’ पत्र आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. या पत्राने साहेबांचे बोलणे बंधनकारक होत नाही, पण फाईलमध्ये नोंद राहते आणि लेखी आदेश मागितल्याचा पुरावा होतो. उत्तर आले नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात आपल्याच फाईलची प्रत मागता येते.

आदेश मान्य नसेल तर अपिलाची मुदत चुकवू नये. आयकरात पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात. जीएसटीत तीन महिने असतात आणि वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ‘बोलणी चालू आहेत’ हे मुदत वाढवून मागण्याचे कारण होत नाही. सर्वाधिक नुकसान इथेच होते. बोलणी लांबत जातात, अपिलाचा दिवस निघून जातो आणि चुकीचा करही पक्का होतो.

पैसे भरायचे ते सरकारी खात्यातच, चलनाने किंवा ऑनलाइन. पावती, आदेश, प्रमाणपत्र एका फाईलमध्ये ठेवावे आणि ती फाईल कुठे आहे हे पती-पत्नी दोघांना व एका मोठ्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक असावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेजाऱ्याच्या उसन्या पैशांना जे लागू करतो ते सरकारी देण्याला लागू करायला काय हरकत आहे?

आपल्या घरांतल्या भगिनींना शेवटी एवढेच सांगणे आहे. यापुढे घरात कोणी ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ असे म्हणाले, तर ‘बरे झाले’ म्हणून थांबू नका. जेवणाचे ताट वाढता वाढता विचारा, ‘ते ठीक आहे, पण कागद कुठे आहे?’ कागद असेल तर तो फाईलमध्ये लावा. नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाऊन अर्ज द्यायला सांगा.